गावाचा कल आणि बाईचं मत

(एकलहरे येथील महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आज मला विषय दिलाय तो असा : ‘एकलहऱ्याचं मत कुणीकडं?’ विषय ऐकून मला आधी हसूच आलं. गेली चाळीस वर्षं हा प्रश्न मी ऐकत आलेय, पण मला तो कधी कुणी विचारला नव्हता. तो चहाच्या टपरीवर विचारतात, पारावर विचारतात, पाळी सुटल्यावर गेटाबाहेर विचारतात. तिथं आपण नसतो. हिशेबात मात्र असतो. निवडणूक आली की कार्यकर्ता वही घेऊन बसतो आणि बोट फिरवतो : “या घरात सहा मतं, त्या घरात चार.” त्या सहांतली तीन बायकांची असतात. बोलणं मात्र झालेलं असतं एकट्या घरधन्याशी. रतीबाचं दूध मोजावं तशी घरटी मतं मोजली जातात आणि त्या बेरजेला नाव मिळतं ‘गावाचा कल’.

तेव्हा गावाचा कल काय हे सांगण्याआधी तो मोजतं कोण, आणि त्यात आपण कुठं आहोत, हे बघू या.

माझंच सांगते. १९८३ मध्ये लग्न होऊन मी इथल्या वसाहतीत आले. नवरा वीज केंद्रात कामाला. मी एकोणीस वर्षांची. तेव्हा मतदानाला एकवीस पुरी लागत. अठराची अट आली १९८९ मध्ये. त्यामुळं माझं पहिलं मत १९८५ च्या विधानसभेला. निघताना यांनी चिठ्ठी हातात दिली आणि चिन्ह सांगितलं. सासूबाईंनी पुन्हा सांगितलं, कारण सून घाबरून चुकेल ही त्यांना काळजी. बोटाला शाई लावून घेतली, मतपत्रिका घेतली आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेले. मैत्रिणींनो, सासरी आल्यापासून एवढा वेळ मला कुणीही बघत नव्हतं असं पहिल्यांदाच घडत होतं. आणि तरीही मी सांगितलेल्या चिन्हावरच शिक्का मारला. कुणाच्या धाकानं नाही. मनात दुसरं काही होतं आणि ते दाबलं, असंही नाही. मनात काही नव्हतंच. तुला काय वाटतं, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

आपल्या भाषेत बघा, मनातलं तेही मत आणि पेटीतलं तेही मत. शब्द एकच. आपल्याला पेटीतलं मत घटनेनं दिलं. मनातलं मत मात्र कुणी देत नाही, ते आपलं आपल्यालाच करावं लागतं. आजचं माझं सगळं बोलणं या दोन मतांमधल्या अंतराबद्दल आहे.

आता आपल्या गावाकडं येऊ. नाशिकरोडहून सामनगावच्या रस्त्यानं इकडं येणाऱ्याला लांबूनच चिमण्या दिसतात आणि वाटतं, हे एक गाव. तसं ते नाही. गोदाकाठचं मूळ गाव आहे, शेतीवर जगणारं. ज्यांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या ती प्रकल्पग्रस्त कुटुंबं आहेत. नोकरीसाठी खानदेश, विदर्भ, मराठवाड्यातून आलेल्यांची वसाहत आहे. आणि ठेकेदाराकडं रोजावर राबणारे आहेत, ज्यांचं घर आज इथं, उद्या तिथं. १९७० आणि १९७१ मध्ये १४० मेगावॉटचे दोन संच इथं सुरू झाले. १९७९ ते १९८१ मध्ये २१० मेगावॉटचे तीन. जुने दोन संच पुढं बंद झाले. त्यांच्या बदली ६६० मेगावॉटचा नवा संच हवा, ही मागणी कितीतरी वर्षं सभांमधून गाजत आलेली आहे. संच बंद पडतो तेव्हा नुसती वीज कमी होत नाही. पाळ्या कमी होतात, क्वार्टरं रिकामी होतात, शाळेच्या वर्गात पोरं कमी होतात, किराणावाल्याची उधारी बुडते. आणि मतदारयादीही पातळ होते. तेव्हा एकलहऱ्याच्या राजकारणात भाकरीचा प्रश्न पहिला आहे. तो आपल्याला कळत नाही असं कुणी समजू नये. भाकरी थापतं कोण?

आपण देवळाली विधानसभा मतदारसंघात येतो. हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ. इथं १९९० ते २००९ पर्यंत सलग पाच वेळा शिवसेनेचे बबनराव घोलप निवडून आले आणि २०१४ मध्ये योगेश घोलप. म्हणजे सहा निवडणुका एक पक्ष आणि एकच घर. लोक म्हणायचे, हा बालेकिल्ला. पण त्याच काळातली नाशिकची लोकसभा बघा. १९९१ काँग्रेस, १९९६ शिवसेना, १९९८ काँग्रेस, १९९९ शिवसेना, २००४ आणि २००९ राष्ट्रवादी काँग्रेस, २०१४ आणि २०१९ पुन्हा शिवसेना. कसला बालेकिल्ला? मग २०१९ च्या विधानसभेला राष्ट्रवादीच्या सरोज अहिरे आल्या आणि सहा निवडणुकांचा तो शिरस्ता सुमारे चाळीस हजारांच्या फरकानं मोडला. ग्रामपंचायतीला तर पक्षाचं चिन्हच नसतं. तिथं पॅनेल, भाऊबंदकी, वस्ती आणि जात. त्याच बोटाला तीन वेळा शाई लागते आणि तिन्ही वेळा हिशेब वेगळा असतो. म्हणून ‘आमचं गाव अमक्या पक्षाचं’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर समजा की तो आपल्या टपरीपुरतं सांगतोय.

आता २०२४ चं वर्ष घ्या. नाशिकला लोकसभेचं मतदान झालं २० मे रोजी. विधानसभेचं २० नोव्हेंबरला. मध्ये बरोबर सहा महिने. मे महिन्यात नाशिकमधून उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे राजाभाऊ वाजे निवडून आले, म्हणजे महाविकास आघाडी. नोव्हेंबरमध्ये देवळालीतून सरोज अहिरे पुन्हा आल्या, या वेळी अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून, म्हणजे महायुती. राज्यभर असंच पारडं फिरलं.

हे कसं झालं, याची जी कारणं दिली गेली ती मी लक्ष देऊन ऐकली. मे महिन्याबद्दल सांगितलं, कांद्यानं रडवलं. ते खोटं नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली होती, ती मतदानाच्या तोंडावर उठवली. नाशिक जिल्ह्यात त्याची आग होतीच. आणि नोव्हेंबरबद्दल सांगितलं, लाडकी बहीण. २८ जून २०२४ रोजी योजना जाहीर झाली, महिना पंधराशे रुपये, आणि ऑगस्टपासून पैसे खात्यावर यायला लागले. तेही खोटं नव्हतं.

पण जरा थांबून विचार करा. मे महिन्यात मत दिलं ते शेतकऱ्यानं, आणि नोव्हेंबरमध्ये मत दिलं ते बहिणीनं. मग मे महिन्यात बहिणी कुठं गेल्या होत्या? कांद्याचं रोप लावतं कोण? वाकून वाकून कंबरडं मोडेपर्यंत खुरपतं कोण? काढणीला, पात कापायला, चाळीत भरताना निवडायला कोण असतं? भाव पडला की आधी कुणाच्या हातची पाटली मोडते? कांद्याचा राग बाईला येत नाही का? तो राग आमच्या नावावर कुणी मांडला नाही. पुरुषानं मत दिलं की त्याला धोरण म्हणायचं, असंतोष म्हणायचं, लाट म्हणायचं. बाईनं मत दिलं की म्हणायचं, पंधराशेला विकली गेली.

२००८ मध्ये शेतकऱ्यांची कर्जमाफी झाली, २०१७ मध्ये झाली, २०१९ मध्ये झाली. त्यानंतर मत देणाऱ्या शेतकऱ्याला कुणी विकाऊ म्हटलं नाही, आणि म्हणूही नये. तो त्याचा हक्क होता. मग आमच्या खात्यावर पैसे आले की तीच गोष्ट लाच कशी होते? माझ्या ओळखीच्या एका बाईनं त्या पैशातून पहिल्यांदा स्वतःसाठी चष्मा केला. सुई ओवता येत नव्हती तिला दोन वर्षं. घरात पैसे नव्हते असं नाही. तिच्या डोळ्यांसाठी नव्हते. ती विकली गेली असं कुणी माझ्यासमोर म्हणून बघावं.

पण दुसरी बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर आपणच आपली फसवणूक करू. योजनेचं नाव काय? लाडकी बहीण. हक्क बहिणीच्या लाडाला नसतो. भाऊ देतो तोवर ओवाळणी. भावानं हात आखडता घेतला तर बहीण दार वाजवू शकत नाही. निवडणुकीत एकानं एकवीसशेचं आश्वासन दिलं, दुसऱ्यानं तीन हजारांचं. लिलावाची बोली लावावी तसं. निवडणूक झाल्यावर २०२५ मध्ये पडताळणी निघाली, ई-केवायसी निघाली, आणि बायका पुन्हा कागद घेऊन रांगेत. खऱ्याखोट्याची तपासणी करू नये असं मी म्हणत नाही. पण जे मतदानाआधी लाडानं दिलं जातं, ते मतदानानंतर संशयानं तपासलं जातं. आपण दान मागत नाही. शेतात आणि घरात बाई राबते त्या कामाची मोजणी करा, किमान मजुरी द्या, निराधार पेन्शन वेळेवर द्या, रेशन नीट द्या, हे आपलं मागणं आहे. ते मागणं बहिणीचं नाही, नागरिकाचं आहे.

आता यादीकडं येते. यादी हा रुक्ष विषय वाटतो, पण बाईचं मत आधी तिथंच हरवतं. १९२१ मध्ये मुंबई इलाख्यात काही थोड्या बायकांना मत मिळालं ते मालमत्तेच्या अटीवर. १९३५ च्या कायद्यानं आणखी बायकांना मिळालं, पण त्यातल्या पुष्कळांना नवऱ्याच्या मालमत्तेवरून. तो ज्याचा मालक, त्याची ही बायको, म्हणून मतदार! मग स्वातंत्र्य आलं, घटना आली, प्रत्येकीला सारखं मत मिळालं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची, १९५१–५२ ची, यादी करायला लोक घरोघर गेले तर उत्तरेकडच्या काही राज्यांत बायका स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सांगितलं, असं चालणार नाही, स्वतःचं नाव पाहिजे. सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं त्या वेळी यादीतून गळली. काहींना ते कठोर वाटलं. मला वाटतं, त्या माणसानं बायकांवर उपकार केले. पुढच्या निवडणुकीला बायकांना नाव सांगावं लागलं.

हे जुनं झालं असं म्हणू नका. माझ्या घरातलं सांगते. यांची नोकरी संपली, क्वार्टर सोडलं, आम्ही जवळच घर बांधून राहायला गेलो. २०१९ च्या लोकसभेला मतदानाला गेलो, तर नव्या पत्त्याच्या यादीत यांचं नाव होतं, माझं नव्हतं. यांनी आपला अर्ज भरला होता. माझा ‘राहून गेला’ होता. भांडण नव्हतं, दुष्टावा नव्हता, नुसतं राहून गेलं होतं. आणि मीही विचारलं नव्हतं. बायकांना हक्काची भाषणं देणारी मी, केंद्राच्या दारात कोरडं बोट घेऊन उभी होते. त्या दिवशी कानाला खडा लावला.

प्रत्येक गावात असंच असतं. लेक लग्न होऊन गेली, तिचं नाव माहेरीच. सून आली, तिचं नाव तिच्या माहेरी. दोन्हीकडं यादीत आहेत आणि दोन्हीकडं मत देत नाहीत. ठेकेदाराच्या कामगाराची बायको तर कुठल्याच यादीत सापडत नाही. नवीन नावाला नमुना ६, नाव काढायला नमुना ७, पत्ता बदलायला किंवा चूक दुरुस्तीला नमुना ८. हे तीन आकडे रेशनकार्डाच्या नंबरासारखे पाठ करा.

यादी स्वच्छ नसली तर काय होतं याचं एकच उदाहरण देते. फक्त बायकांनी मत द्यायचं असं एक मतदान आपल्या राज्यात होतं : उभी बाटली की आडवी बाटली. २००८ च्या नियमाप्रमाणं गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली तर दारू दुकानाबद्दल गुप्त मतदान घ्यायचं. आणि दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. लक्षात घ्या, मतदानाला आलेल्यांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्मी. म्हणजे जी म्हातारी चार वर्षांपूर्वी वारली, जी लेक सासरी गेली, जिचं नाव दोनदा आहे, ती सगळी नावं बाटली उभी ठेवायच्या बाजूला जमा होतात. कितीतरी ठिकाणी बायकांनी हे मतदान जिंकलं आणि काही ठिकाणी झुंबड उडूनही थोडक्यात हरल्या. दारूवाल्याला वेगळं काही करावं लागत नाही. आपली यादीच त्याचं काम करते.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मत गुप्त असतं असं आपण म्हणतो. आडोशामागं ते गुप्त असतं हे खरं. पण मोजणीत? कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा निवडणूक आयोग ठरवील तिथं वेगवेगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत. २००४ च्या लोकसभेपासून देशभर यंत्रं आली. आता प्रत्येक केंद्राचं यंत्र वेगळं मोजलं जातं आणि केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात. मोठ्या शहरात याचं काही वाटत नाही. पण आपल्याकडं? वसाहतीचं केंद्र कुठलं, गावठाणाचं कुठलं, वस्तीचं कुठलं, सगळ्यांना ठाऊक. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात तर काहीशे मतदार. मोजणीच्या संध्याकाळी टपरीवर हिशेब लागतो : “त्या वस्तीनं आपल्याला दिलं नाही.” आणि मग नळाची दुरुस्ती लांबते, घरकुलाच्या यादीत नाव खाली सरकतं, अशी भीती लोकांच्या मनात बसते. भीती खरी ठरते की नाही हा भाग वेगळा. पाण्याला जाणारी बाई ती भीती डोक्यावर घेऊनच जाते. आणि घरातलीही गोष्ट तीच. वॉर्डात चार मतं कमी पडली की नवरा विचारतो, तू कुठं दाबलं होतंस?

यावर उपाय सुचवलेला आहे. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर नावाचं साधन. निवडणूक आयोगानं २००८ मध्ये ते सुचवलं, विधी आयोगानं २०१५ मध्ये शिफारस केली, पण सरकारनं ते स्वीकारलं नाही. महिला संघटनांनी ही मागणी आपली म्हणून लावून धरली पाहिजे असं मला वाटतं. कारण गुप्ततेची गरज दुबळ्याला असते. बलवान आपलं मत चौकात ओरडून सांगतो.

आता निवडून येणाऱ्या बायकांबद्दल. महाराष्ट्रानं १९९० मध्ये स्थानिक संस्थांत तीस टक्के जागा बायकांना राखल्या. १९९३ च्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश. २०११ मध्ये राज्यानं निम्म्या केल्या. या सगळ्याच्या आधी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, आपल्याच जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं होतं. लाखांवर बायका आल्या होत्या. त्यातून शेतकरी महिला आघाडी उभी राहिली आणि १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावानं संपूर्ण ग्रामपंचायत बायकांची निवडून दिली. तेव्हा तीस टक्क्यांचा कायदा अजून आलेला नव्हता. म्हणजे बायकांना सत्ता सरकारनं शिकवली असं नाही; बायकांनी मागितली, करून दाखवली, मग कायदा आला.

सरपंचपती आपल्याला ठाऊक आहेत. सही तिची, खुर्ची त्याची. हे हसण्यावारी नेऊ नका, आणि त्यावरून बाईला हिणवूही नका. पहिल्या टर्मला नवऱ्याच्या मागं बसलेली बाई दुसऱ्या टर्मला त्याला ‘जरा थांबा’ म्हणते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. थेट सरपंच निवडीचा नियम २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये पुन्हा आला. नियमाचं राजकारण पुरुषांचं. पण थेट निवडून आलेली बाई ‘मला गावानं दिलंय’ म्हणू शकते, एवढा फायदा आहे.

आणि आपला देवळाली मतदारसंघ. २०२४ मध्ये इथं पहिल्या दोन क्रमांकांवर दोन बायका होत्या, सरोज अहिरे आणि राजश्री अहिरराव. दलितांसाठी राखीव मतदारसंघात, दोन वेगवेगळ्या पक्षांच्या दोन बायका. आमदार अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले, सगळ्यांनी कौतुक केलं. २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात त्यांनी विधानभवनातल्या हिरकणी कक्षाची आबाळ बोलून दाखवली. मला कौतुकापेक्षा ते बोलणं महत्त्वाचं वाटलं. विधानसभेच्या २८८ जागांवर २०२४ मध्ये २१ बायका निवडून आल्या. २०१९ मध्ये २४ होत्या. घरी बाळ ठेवून जाणाऱ्या पुरुष आमदाराला कुणी विचारलं नसतं. कोणत्या पक्षाची बाई, हा प्रश्न आहेच आणि तिच्या पक्षाला आपण जाब विचारायचाच. पण पाळणा आत गेला की त्या सभागृहाला आपलं जगणं दिसतं, हेही खरं.

आता शेवटी एक अवघड गोष्ट. तुमच्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून सांगते. विधानसभेच्या निवडणुकीनंतर आम्ही काहीजणी वस्तीतल्या बायकांशी बोलत बसलो होतो. एकीनं सांगितलं, “ताई, या वेळी मी घरातल्यांचं ऐकलं नाही. माझ्या मनानं दिलं.” मला भरून आलं. मग तिनं कुणाला दिलं तेही सांगितलं, मी न विचारता. आणि माझा चेहरा पडला. माझ्या विचारांच्या अगदी उलट पक्षाला तिनं दिलं होतं. घरातली माणसं, गंमत म्हणजे, माझ्या बाजूची होती! माझ्या तोंडावर आलं होतं, “अगं, असं कसं केलंस?” मी ते गिळलं. पण तिला दिसलं असणार. ती म्हणाली, “म्हणजे तुमच्याही मनासारखंच पाहिजे होय?”

मैत्रिणींनो, त्या वाक्यानं मला रात्रभर झोप लागली नाही. आम्ही चळवळीतल्या बायकाही वही घेऊनच बसलो होतो की काय? बाईचं मत स्वतंत्र झालं की ते आपोआप आपल्याकडं येईल, असं आम्ही गृहीत धरलं होतं. तिच्यावरही धर्माचा, जातीचा, टीव्हीचा, पैशाचा परिणाम होतो. पुरुषावर होतो तसाच. तिला आपलं म्हणणं पटवायचा आपल्याला अधिकार आहे. तिच्याशी वाद घालू, शंभर वेळा घालू. पण मतदानाच्या आधी, आणि बरोबरीनं बसून. तिनं मत दिल्यावर तिला लाजवायचा अधिकार नवऱ्याला नाही, पक्षाला नाही आणि आपल्यालाही नाही.

म्हणून मी तुम्हाला कुणाला मत द्या हे सांगायला आलेले नाही. चार कामं सांगते. एक, पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या केंद्राच्या यादीत आपलं, सुनेचं, शेजारणीचं नाव शोधून यायचं. जिचं नाही तिचा अर्ज इथंच बसून भरू. दोन, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असा कायदा आहे. ती नुसती सह्यांपुरती होऊ द्यायची नाही. नळ, दिवे, दारू, घरकुल, प्रकल्पातला रोजगार, हे तिथं आपण मांडू आणि लिहून घेऊ. तीन, निवडणुकीला उभे राहणाऱ्या सगळ्यांना, पुरुष असो की बाई, या वसाहतीत आणि गावात बायकांच्या सभेत येऊन उत्तरं द्यायला लावू. घरधन्याशी बोलून चालणार नाही. चार, घरात कुणीही कुणाला ‘कुठं दाबलंस’ विचारायचं नाही.

हे चौथं सगळ्यात अवघड आहे. माझी सून २०२४ मध्ये या घरातून पहिल्यांदा मत द्यायला निघाली. मी दारात उभी होते. जिभेवर चिन्हाचं नाव आलेलं. मला १९८५ च्या सासूबाई आठवल्या. वाईट नव्हत्या हो त्या, काळजीच करत होत्या. मी काही बोलले नाही. ती परत आली, शाईचं बोट दाखवलं आणि हसली. कुणाला दिलंस हे विचारायचं मनात फार होतं.

मी चहा ठेवायला आत गेले.